रंभाबाई कूलरवालीची वेबसाइट

मार्च नुकताच लागला होता. वामनराव गजभिये कोराडीहून बस बदलत, पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा घालून बेझनबागेतल्या आमच्या गल्लीत आले आणि चहाच्या टपरीवर हलक्या आवाजात विचारू लागले, "रंभाबाई कूलरवाली गेली म्हणतात. पुण्यानुमोदन कवा ठेवलं आहे जी?"

रंभाबाई त्या वेळी टपरीच्या समोरच, एका कूलरच्या पोटात कमरेपर्यंत शिरून टाकी खरवडत होत्या. आपल्याच मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाची चौकशी कानावर आली तशा त्या मागे सरकत बाहेर निघाल्या. हाताचा गंज पदराला पुसला आणि म्हणाल्या, "कोण गेली?"

वामनराव बाकावर बसले, म्हणजे जवळजवळ पडलेच. टपरीवाल्याने पाणी दिलं. अर्धा ग्लास पोटात गेल्यावर त्यांनी मोबाइल काढून पुढे धरला. "हे पाहा ना बाई. तुमच्या दुकानाचं नाव टाकलं का लाल अक्षरात येते, 'कायमचे बंद'. फोन लावला तं तो नंबरच नाही म्हणते. आता तुमचं वय पाहता मले वाटलं..."

"माह्या वयाले काय झालं?"

वामनराव उरलेलं पाणी प्यायले.

तर रंभाबाईंना असं मारून टाकणारा माणूस मी. नाव अंकुश, शिक्षण भिवापूरला, नोकरी नागपुरात एका क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर. रंभाबाईंचं माहेर भिवापूरचं, म्हणून मी त्यांना मावशी म्हणतो आणि माहेरचं पोट्टं म्हणून त्या मला हवं ते काम सांगतात. हे काम मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी आपणहून केलं होतं.

त्यांचं जुनं दुकान इंदोरा चौकाजवळ, रस्त्याला लागून. पुलाचं काम निघालं, निळे पत्रे उभे राहिले आणि दुकानाचं तोंड त्या पत्र्यांमागे गेलं. वर्षभर वाट पाहून दिवाळीनंतर रंभाबाईंनी सामान गल्लीतल्या एका शटरमध्ये आणलं. जुन्या दुकानाची नोंद कुणा गिऱ्हाइकाने कधीकाळी मोबाइलच्या नकाशावर करून ठेवली होती. म्हटलं, तेवढी दुरुस्त करून टाकू. नकाशाने विचारलं, ही जागा बंद झाली आहे का? तात्पुरती की कायमची? विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं, हे आम्हाला शाळेत छडीने शिकवलेलं. जागा कायमचीच बंद झाली होती. मी 'कायमची'वर बोट ठेवलं. 'दुसरीकडे हलली आहे' हाही पर्याय खाली होता म्हणे. पण सगळे पर्याय वाचून मग उत्तर द्यायचं, हे छडीने शिकवलेलं नव्हतं.

"ज्यानं बंद केलं त्यानंच उघडून दे," रंभाबाई म्हणाल्या. मी दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं, तपासणी सुरू आहे. पुढचे कित्येक दिवस ती सुरूच होती.

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण त्यासाठी रंभाबाईंचा धंदा समजून घ्यायला हवा. त्या कूलर विकतात कमी आणि लावून देतात जास्त. होळी झाली की जुनी गिऱ्हाइकं सांगून जातात. मग रंभाबाई आणि त्यांचा हातगाडीवाला बळीराम घरोघर जाऊन सज्जावरचा कूलर उतरवतात, टाकी धुतात, जाळीत नवी खस, म्हणजे वाळ्याचं गवत, भरतात, पंप पाहतात आणि कूलर खिडकीत बसवून देतात. नियम एकच. चौदा एप्रिलपर्यंत फक्त जुनी घरं. नवा माणूस नोटांची गड्डी घेऊन आला तरी त्याला "चौदा तारखेनंतर या जी." हा नियम त्यांच्या नवऱ्याने घातलेला. तो गेला, त्याच्या नावावरचा मोबाइल नंबर रिचार्जविना बंद पडला, नियम राहिला. आणि नेमका तोच बंद पडलेला नंबर प्रत्येक कूलरच्या पाठीवर रंगाने छापलेला. पुलाच्या आधी हे कुणाला जाणवलं नाही, कारण लोक चौकात येऊन दुकानावरच सांगून जायचे.

बळीराम जवळपासच्या घरी निरोप देऊन आला. पण निम्मी घरं कूलरसकट कुठल्या कुठे राहायला गेलेली, कोराडी, बेसा, हिंगणा. रंभाबाईंना प्रत्येकाच्या खिडकीचं माप पाठ, फोन नंबर एकाचाही नाही.

"एक डाव दुसऱ्यानं खिडकीत कूलर बसवला का ते घर गेलं समज," त्या म्हणाल्या. "अन् तिकडून पोरगा रोज फोन करून राहिला, आई, दुकान बंद कर, पुण्याले ये. पुण्याले कूलर लागत नाही गा. मी तिथं काय करू? पंख्याकडे पाहत बसू?"

मुलाशी ठरलं होतं ते असं, यंदा जुनी घरं परत आली तर दुकान चालू, नाही तर जूनमध्ये शटरची चावी मालकाला देऊन पुणे.

म्हणून वेबसाइट. कल्पना माझीच. पाप फेडायची घाई झाली की माणसाला कल्पना फार सुचतात.

पहिली मी फुकटात केली. फुकट जागा देणाऱ्या एका कंपनीच्या साच्यात नाव, फोटो, नवा नंबर, नवा पत्ता भरला. दोन तासांत तयार. रंभाबाईंना दाखवली. त्या खूश झाल्या, बळीरामला हाक मारली. बळीराम लिहायला-वाचायला बेताचा, पण चित्रं बारकाईनं पाहतो.

"मावशी, खाली एसीवाला बसला," तो म्हणाला.

खरंच, पानाच्या खाली पट्टी सरकत होती. 'उन्हाळ्याला करा टाटा, एसीवर भरघोस सूट.' फुकट जागेच्या बदल्यात कंपनी तिथे कुणाचीही जाहिरात लावते. माझ्या मोबाइलवर तोवर पंख्याची आली होती, म्हणून मी गाफील.

"काहून गा अंकुश, माह्या दुकानात एसीवाल्याले बसवलं?"

"मावशी, मुफ्तचं आहे ना ते."

"मुफ्तचं आहे तं माह्या छातीवर बसून विकते का?"

दुसरी अडचण पत्त्याची. फुकट साइटला मोठं शेपूट असतं. आपलं नाव, मग कंपनीचं नाव, मग आणखी काहीबाही. रंभाबाई पत्र्याचा छाप कूलरच्या पाठीवर धरून रंग मारतात. त्या छापात जेवढं मावतं तेवढंच नाव चालेल, हे त्यांनी बजावून सांगितलं. मी तो लांब पत्ता कागदावर लिहून कूलरला लावून पाहिला, तर तो कूलरच्या कोपऱ्यावरून वळून जाळीत शिरला.

"आता गिऱ्हाईक काय कूलरभोवती फिरून पत्ता वाचंन?" बळीरामने विचारलं. त्याला उत्तर नको असतं, नुसतं विचारायचं असतं.

मग मी स्वानंदला बोलावलं. स्वानंद माझा कॉलेजचा मित्र, धरमपेठेत एका जाहिरात एजन्सीत वेबसाइटा करतो. तो आला तो लॅपटॉप, दोन फोन आणि आत्मविश्वास घेऊन. उपड्या टाकीवर बसला, कूलरवर लॅपटॉप ठेवला आणि समजावू लागला.

"मावशी, डोमेन म्हणजे पाटी. होस्टिंग म्हणजे जागा. पाटी विकत घ्यायची, जागा भाड्यानं."

"भाडं किती?"

"महिन्याला पाव किलो खसच्या भावात."

रंभाबाई पुढे सरकल्या. "बरं. महिन्याच्या महिन्याले देतो."

"नाही, तो भाव तीन वर्षांचं एकदम भरलं तर."

"अन् तीन वर्षांनंतर?"

स्वानंद खोकला. "मग थोडं वाढते."

"थोडं म्हंजे?"

"चौपट."

"हा तं माह्या जुन्या जागामालकाचा भाऊ निघाला," रंभाबाई मला म्हणाल्या, जणू स्वानंद तिथे नव्हताच. मग त्याच्याकडे वळल्या. "असं कर बाबू. मले जागा होळी ते जून दे. जुलैपासून कूलर नाही, तं वेबसाइट कायले?"

"मावशी, सर्व्हर वर्षभर चालू असते."

"कोणासाठी? दिवाळीत कोणी कूलर पाहते का?"

"पण तसं नसते ना मावशी..."

"मंडपवाला मले खुर्च्या दोन दिवसाच्या देते. तो म्हणते का, वर्षभर घरी ठेवा म्हणून?"

स्वानंदने माझ्याकडे पाहिलं. मी जाळीतल्या गवताकडे. शेवटी असं ठरलं, की सध्या त्याच्याच खात्यावर, त्याच्याच एका मोकळ्या नावावर साइट चालवून पाहायची. जमलं तर पुढचं पुढे.

चार दिवसांत त्याने साइट उभी केली. पान उघडताना निळ्या पाण्याचे थेंब पडायचे, मग हिमाच्छादित डोंगर, मग एक गोरी बाई डोळे मिटून वारा घ्यायची. खाली वेळा. सकाळची, दुपारची, संध्याकाळची. गिऱ्हाइकाने आपली वेळ निवडायची, नाव टाकायचं, झालं. जो आधी येईल त्याला आधी.

"ही बाई कोण?" रंभाबाईंनी विचारलं.

"साच्यातली आहे मावशी. प्रोफेशनल वाटते."

"हिच्या खिडकीत कूलर दिसत नाही."

पण वेळा निवडायची सोय त्यांना आवडली. त्याच आठवड्यात, वामनराव जाताना ठेवून गेले होते त्या नंबरवर फोन करून पत्ता सांगितला, कोराडीच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाका म्हणाल्या. वामनराव वीज केंद्रातून निवृत्त झालेले, कॉलनीतलं कुठलंही काम आपल्या अंगावर घेणारे. त्यांनी टाकला, आणि तिथून तो पुढे कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला.

आणि वेळा भरल्या. दोन दिवसांत आठवडाभराच्या, मग पुढच्या आठवड्याच्या. स्वानंदचा फोन, "देख भाई, धुव्वा!" मी रंभाबाईंना यादी वाचून दाखवली आणि वाचता वाचताच माझा आवाज बारीक होत गेला. अमुक टॉवर, बारावा मजला. तमुक हाइट्स, नववा मजला. एकही नाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं. बेसा-मनीषनगरकडच्या नव्या बिल्डिंगांतली ही मंडळी दिवसभर फोनला चिकटलेली. त्यांनी पहिल्या झटक्यात सगळं उचललं होतं. बळीराम एका टॉवरसाठी हातगाडी घेऊन निघाला होता. रंभाबाईंनी त्याला गल्लीच्या तोंडावरून परत आणलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वामनराव आले. या वेळी पांढऱ्या कपड्यात नव्हते, पण चेहरा पहिल्यापेक्षा वाईट होता.

"बाई, माह्या फोनवर तं दोन दिवस नुसतं चाक फिरून राहिलं," ते म्हणाले. "मले वाटलं कूलरचा पंखाच दाखवून राहिले तुम्ही. म्हटलं फिरू दे. पण ज्याच्या फोनवर उघडलं त्यायले काय दिसलं माहीत आहे? 'सर्व वेळा भरल्या आहेत.' आमच्या कॉलनीत दहा-बारा घरं तुमची. लोकं म्हणून राहिले, आधी बाई मेली म्हणे, आता जगली तं आमचं घेत नाही म्हणे."

रंभाबाई चिडल्या नाहीत. त्या चिडतात तेव्हा ठीक असतं. त्या दिवशी त्या वामनरावांसाठी चहा सांगायला उठल्या आणि टपरीवर जाऊन परत आल्या, चहा सांगायचाच विसरून. मग माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"अंकुश, तुले मी काय सांगितलं होतं?"

"जुनी घरं आधी."

"मग हे तुह्या त्या डोंगराले माहीत होतं का?"

नव्हतं. स्वानंदलाही नव्हतं. मी त्याला सांगितलंच नव्हतं, कारण असा नियम कुठल्या साच्यात बसवतात हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटली होती. स्वानंदला फोन केला, साइट उतरव म्हणालो.

"पागल आहेस का बे? आलेलं गिऱ्हाईक कोणी परत पाठवते?"

"या पाठवतात."

"मग धंदा कायले करतात?"

त्या संध्याकाळी रंभाबाईंनी टॉवरवाल्यांना एकेक करून फोन लावला. "चौदा तारखेनंतर या जी. नाही, पैशाचं नाही. नाही जी, तुमचं काही चुकलं नाही." बाराव्या मजल्यावरच्या बाई रागावून दुसरीकडे गेल्या. बाकीचे थांबले की नाही, तेव्हा कुणाला माहीत.

तिसऱ्यांदा मी बसलो तेव्हा आधी काढायचं काय तेच पाहिलं. डोंगर काढला, गोरी बाई काढली, थेंब काढले, वेळा काढल्या. उरलं एकच पान. नाव, नवा नंबर, नवा पत्ता, रस्ता कसा ते चार ओळींत आणि ठळक अक्षरांत एक वाक्य. 'जुन्या गिऱ्हाइकांचे कूलर आधी. नव्यांनी चौदा एप्रिलनंतर फोन करावा.' शोधलं तेव्हा कळलं, एवढ्याशा साध्या पानाला फुकट जागा देणारे लोक आहेत आणि ते खाली कुणाला बसवत नाहीत. पाटी तेवढी विकत घ्यायची.

"हा काहून मुफ्त देऊन राहिला?" रंभाबाई एसीवाल्याला विसरल्या नव्हत्या.

"एकच पान आहे मावशी. त्याला काही लागतच नाही."

"मग त्या स्वानंदचे चौपट कायचे होते?"

मी पाटी विकत घ्यायचं पान उघडलं.

पाटी त्यांच्याच नावाने घ्यायची हे मी ठरवलेलं. छापात मावेल असं आखूड नाव सापडलं, त्यांचा मोबाइल नंबर टाकला, त्यांच्या फोनवर ओटीपी आला. म्हटलं, "मावशी, आकडे सांगा."

"नाही सांगत."

"काहून?"

"बँकेतल्या पोरीनं सांगितलं, ओटीपी कोणालेच सांगायचा नाही. पोटच्या पोरालेही नाही."

"पण मी तुमचंच काम करून राहिलो!"

"सगळे चोट्टे असंच म्हणतात."

मग लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात. त्या चष्मा शोधायच्या, एक आकडा टाकायच्या, फोनकडे पाहायच्या, दुसरा टाकायच्या. अंगठ्याचा गंज कळांना लागला. पहिला ओटीपी संपला. दुसरा संपला. तिसऱ्याला बळीरामने आकडे मोठ्याने वाचून दाखवले, सगळ्या गल्लीला ऐकू गेले, आणि काम झालं. बळीरामला ओटीपी दिसला तर चालतो, मला नाही. माहेरच्या माणसाची ही किंमत.

फोटोवरून पुन्हा वाद. त्यांचं म्हणणं, कूलरचा लाव, माझा कायले? मी म्हटलं, "मावशी, लोकांना तुम्ही जिवंत दिसायला पाहिजे." बळीराम म्हणाला, हातात आजचा पेपर धरा, म्हणजे फोटो जुना नाही हे कळंन. रंभाबाईंनी खरोखरच पेपर धरला. दुकानासमोर उभ्या, एका हातात पान्हा, दुसऱ्यात पेपर, चेहरा अपहरण झालेल्या माणसासारखा. तोच लावला. वामनरावांच्या जुन्या फोनवरही तो पटकन उघडला.

पैसे माझ्या कार्डातून गेले. "किती झाले?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या, बंद मीच केलं होतं. त्या ऐकेनात. "तं तुह्या खोलीतल्या कूलरले नवी खस टाकून देतो. टाकीही धुवून देतो. झालं?" मी म्हटलं झालं. माझ्या कूलरमधलं गवत दोन वर्षांपूर्वीचं आहे. त्यातून वारा कमी आणि वास जास्त येतो.

वामनरावांनी नवा पत्ता पुन्हा ग्रुपवर टाकला, तिथून तो जुन्या घरांपर्यंत पोचला आणि फोन यायला लागले. पहिला फोन एका म्हाताऱ्या शिक्षिकेचा. त्यांनी आधी खात्री केली. "रंभाबाईच ना? मग आमच्या खिडकीचं माप सांगा." रंभाबाईंनी सांगितलं. तिकडून रडण्याचा आवाज आला, इकडे रंभाबाई ओरडल्या, "रडता काहून जी, कूलर काढून ठेवा." कोराडी कॉलनीतली तीन सोडून सगळी घरं परत आली. त्या तिघांनी वाट पाहून पाहून दुसऱ्याला लावायला दिलं होतं. वामनराव स्वतः त्यांच्या घरी जाऊन भांडून आले. उपयोग झाला नाही. सदरचे एक डॉक्टर एसी घेऊन मोकळे झालेले. त्यांच्याबद्दल रंभाबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "मोठी खिडकी होती."

तेरा एप्रिलला शेवटचं जुनं घर झालं. चौदाला शटर बंद, दिवसभर चौकात सरबत वाटप. पंधराला टॉवरवाल्यांपैकी निम्मे तरी रांगेत. आणि पुण्याहून फोन आला तेव्हा त्या पंप खोलत होत्या. फोन खांद्यात दाबून मुलाला म्हणाल्या, "दिवाळीत येतो पाहुणी म्हणून. आत्ता ठेव, हात भरले आहेत."

आता मेचा शेवट आहे. परवा दुपारी ऑफिसातून परतताना मी दुकानासमोर थांबलो. अंग नुसतं भाजून निघत होतं.

"मावशी, माझी खस?"

"हव ना, आहे ध्यानात."

"चौदा तारीख होऊन दीड महिना झाला. माझा नंबर जुन्यात की नव्यात?"

त्यांनी खरोखर विचार केला. "जुन्यात नाही. नव्यात कसा म्हणू? तू तं घरचा."

"मग?"

"घरचं सगळ्यात शेवटी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कूलरच्या पोटात शिरल्या. आतून आवाज आला, "मृग लागू दे, मग पाहू."

बळीरामला विचारलं, खस उरली आहे का. तो म्हणाला, आहे एक गठ्ठा, पण तो मनीषनगरच्या एका टॉवरसाठी ठेवला आहे.